ओसरीचा सर्व्हर

“इथं काम करताना कुणी दिसलं, तर ते दिसलं नाही असं समजायचं,” शैलजाताई वाणी मला म्हणाल्या. स्टोअररूमचं कुलूप काढून त्यांनी किल्ली पुन्हा कमरेला खोचली. “आणि या जागेचं नाव घरी काढायचं नाही. बायकोजवळसुद्धा.”

मी हो म्हटलं. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक काय काय अटी घालतं. त्यामानानं ही अट मला सोपी वाटली होती.

मे महिना होता, आणि जळगावचा मे म्हणजे सकाळी नऊलाच रस्ते ओस पडतात. त्या खोलीत पंखा नव्हता. चादरींचे गठ्ठे, लहान मुलांच्या खेळण्यांचं खोकं, मोडकी शिलाई मशीन आणि कोपऱ्यात माझ्यासाठी रिकामं केलेलं टेबल. तीन बाजूंना खरी भिंत होती. चौथ्या बाजूला एका मोठ्या खोलीचे दोन भाग करायला उभं केलेलं नुसतं प्लायवूड. पलीकडे शैलजाताई बसायच्या.

संस्थेचं नाव ‘ओसरी’. बाहेर पाटी नव्हती. घरात छळ सोसणाऱ्या बायका कुणाकडून तरी पत्ता काढून तिथं यायच्या, बोलायच्या. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून औरंगाबादच्या वकील नसरीनबाईंकडे पाठवलं जायचं, म्हणजे पुढं कोर्टात उभं राहायची वेळ आली तर बाईच्या स्वतःच्या तोंडचं काहीतरी हाताशी असावं. आदल्या वर्षी अशीच एक सीडी ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली आणि ती भलत्याच्या हाती गेली. ज्या बाईचा आवाज त्या सीडीत होता, तिला गाव सोडावं लागलं. तेव्हापासून शैलजाताईंनी धसका घेतला होता. त्यांना स्वतःचं असं काहीतरी हवं होतं, कुठल्याही कंपनीच्या मेलवर न ठेवलेलं, ज्यात इकडून त्यांनी टाकावं आणि तिकडून फक्त नसरीनबाईंनी काढावं.

म्हणजे संस्थेच्याच जागेत एक छोटा सर्व्हर बसवायचा होता आणि त्याच्यापुढे फायरवॉल. फायरवॉल म्हणजे दारावरचा राखणदार. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला तो हटकतो, यादीत असेल त्यालाच आत सोडतो, बाकीच्यांना दार आहे हेसुद्धा कळू देत नाही. सर्व्हरचं काम माझं होतं. फायरवॉल आणि फाटकावरचा कॅमेरा हे प्रफुल्लनं आठवड्यापूर्वीच बसवून ठेवलं होतं.

प्रफुल्ल भंगाळे माझा भागीदार. आम्ही कॉलेजपासूनचे मित्र. नवीपेठेत आमचं कॉम्प्युटर नेटवर्किंगचं दुकान होतं, आणि चार वर्षांपूर्वी शाळेत शिकवणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीशी, वृंदाशी, त्याचं लग्न झालं होतं. लग्न तिच्या पसंतीनं झालं. मला तर आकाश ठेंगणं झालं होतं. हुशार, हसतमुख, निर्व्यसनी, आणि माझ्या आईला दवाखान्यात न्यायला माझ्याआधी गाडी काढणारा असा जावई शोधून सापडला नसता.

त्या सकाळी त्यानंच मला मोटरसायकलवर ओसरीजवळ सोडलं आणि तो दुकानात गेला. कारण असं काम एकट्यानं होत नाही. आत एक माणूस लागतो आणि बाहेर एक. आतल्यानं दार बांधायचं, बाहेरच्यानं ते ठोठावून, ढकलून बघायचं. म्हणून सकाळपासून आमचा फोन चालूच होता. मी काहीतरी बदलायचो, तो दुकानातून सांगायचा, आता लागतंय, आता नाही लागत. मधूनच तो कॅमेऱ्याचं चित्र दुकानातल्या पडद्यावर उघडून मला हसवण्यासाठी सांगायचा की फाटकावर मांजर बसलंय, किंवा कुल्फीवाला सावलीला थांबलाय. फायरवॉल त्याच्या ताब्यात होती. आमच्या सगळ्याच गिऱ्हाइकांकडे तशी असायची. दरवेळी उन्हात गाडी काढायला नको म्हणून तो प्रत्येक ठिकाणी स्वतःसाठी एक वाट ठेवायचा, दुकानात बसल्या बसल्या शिरता येईल अशी. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. गिऱ्हाइकांनाही ते सोयीचंच वाटायचं.

दुपारी मी टेबलाखाली वाकून केबलचं टोक लावत होतो. फोन कानाला नव्हता, पण चालूच ठेवून जमिनीवर ठेवला होता. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी बाई आली होती. ताईंनी पाणी दिलं असावं, पेला ठेवल्याचं ऐकू आलं. मी ठरल्याप्रमाणे कान बंद केल्यासारखा काम करत राहिलो.

“मारत नाही तो मला,” बाई म्हणाली. “कधी हातसुद्धा उगारला नाही. म्हणून तर कुणाला सांगायला तोंड नाही.”

तो आवाज वृंदाचा होता.

आधी मनात आलं की आपली चूक होतेय, आवाजासारखे आवाज असतात. मग ती पुढे बोलली. ‘तोंड नाही’ म्हणताना ती शब्द जरा ओढते, अगदी आमच्या आईसारखी.

“तो माझी मेल वाचतो. मेसेज वाचतो. मी लिहून पुसून टाकलेलं, कुणालाच न पाठवलेलंसुद्धा वाचतो. काही बोलत नाही त्याबद्दल. जेवताना त्यातलं एखादं वाक्य सहज सुचल्यासारखं म्हणतो आणि माझ्याकडे बघत राहतो. आता मी विचारसुद्धा जपून करते. फोन शाळेच्या कपाटात ठेवून आलेय. निकालाचं काम आहे म्हणून सांगितलंय घरी. फोन कुठं फिरतोय ते त्याला कळतं.”

शैलजाताईंनी हळू आवाजात काहीतरी विचारलं. माहेरी कुणी आहे का, असं असावं.

“आई आहे. दादा आहे. पण दादाचा त्याच्यावर फार जीव. दादा म्हणेल, काळजी आहे म्हणून बघतो.” पेला सरकला. “मला कुठंतरी एक वाक्य बोलायचंय, ताई, जे त्याच्यापर्यंत पोचणार नाही. एवढी जागा इथं आहे का?”

जमिनीवर माझा फोन चालू होता आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला प्रफुल्ल होता.

मी झडप घालून फोन बंद केला. प्लायवूडपलीकडचा आवाज त्या साध्या फोनपर्यंत पोचला नसणार हे मला समजत होतं, तरी तो बंद झालाय ना ते मी दोनदा तपासलं. मग कॅमेरा आठवला. ती फाटकातून आली होती आणि त्याच फाटकातून परत जाणार होती. मी उठून कॅमेऱ्याची खोलीत आलेली वायर उपटली.

लगेच फोन वाजला. मी तो खिडकीशी नेला आणि तोंडावर हात धरून बोललो.

“चित्र गेलं रे,” प्रफुल्ल म्हणाला.

“वायर हलली असेल. बघतो.”

“आत्ताच फाटकावर कुणी बाई आली होती. तिच्यामागं कुणी येतंय का बघत होतो, तेवढ्यात गेलं.”

“कोण होती?”

“कोण जाणे. ओढणी बांधलेली तोंडाला. या उन्हात सगळ्या सारख्याच दिसतात.” तो हसला. “आणि ती आली तेव्हाच तू फोन कट केलास. काय चाललंय काय तिथं?”

फोन खाली पडला म्हणून सांगितलं. त्यानं मानलं की नाही कळेना. सारख्याच दिसतात, असं तो म्हणाला खरा. पण ती ओढणी कुठल्या रंगाची, कशी बांधलेली, हे घरात रोज बघणाऱ्या माणसाला कळलं नसेल? कळलं असतं तर तो असा हसला असता का? की म्हणूनच हसला? हाच विचार पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यात घोंगावत राहिला.

मला पलीकडे जावंसं वाटत होतं. प्लायवूडला फळीचं दार होतं, नुसतं ढकललं असतं तरी उघडलं असतं. पण आत जाऊन तिच्यापुढे मी कोण म्हणून उभा राहणार होतो? तिचा भाऊ, की त्याचा भागीदार? तिनं मोजून एकच जागा मागितली होती आणि तिथंही मी आधीच येऊन बसलो होतो. मी चादरींच्या गठ्ठ्यावर बसून राहिलो. पुढचं ऐकू येऊ नये म्हणून सर्व्हरच्या पंख्याला कान लावला. तो बिचारा जुना पंखा घरघर करत होता.

ती गेल्यावर बऱ्याच वेळानं शैलजाताई आत आल्या. चेहरा उतरलेला. येऊन दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आजच्यापुरतं काम थांबवा, गिरीशभाऊ. मी कळवीन तुम्हाला.”

“का, ताई?”

“आहे काहीतरी.” त्यांनी नजर टाळली. मग जरा घुटमळून विचारलं, “तुमच्या भागीदाराचं आडनाव काय म्हणालात?”

“भंगाळे. प्रफुल्ल भंगाळे.”

त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. त्यांना मला काही सांगता येत नव्हतं आणि मला त्यांना काही विचारता येत नव्हतं. त्यांनी मलाच घातलेली अट आता दोघांच्या मध्ये येऊन बसली होती. शेवटी मीच बोललो.

“मध्ये नुसतं प्लायवूड आहे, ताई. आणि ती माझी बहीण आहे.”

त्या शिलाई मशीनच्या फळीवर बसल्या. बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. या माणसाला हाकलून द्यावं की याच्यावर विश्वास ठेवावा, एवढंच त्या ठरवत होत्या हे मला दिसत होतं. मी काही शपथा घेतल्या नाहीत. फायरवॉल कुणाच्या ताब्यात आहे ते सांगितलं. दुकानात बसून फाटक दिसतं, आणि मनात आणलं तर त्यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरपर्यंतही शिरता येतं, हे सांगितलं.

“आज तिचं बोलणं मी त्याच कॉम्प्युटरवर घेतलंय,” त्या म्हणाल्या.

“म्हणून आत्ता थांबू नका. ही किल्ली आमच्या दुकानात राहता कामा नये. तुमच्याकडे घ्या. मला अजून थोडा वेळ द्या.”

मी आधी बाहेरचं इंटरनेट तोडलं. मग टाचणीनं फायरवॉलच्या मागचं बारीक बटन दाबून धरलं. ती कोरी झाली. प्रफुल्लनं ठेवलेली वाट, त्याचं नाव, सगळं पुसलं गेलं. नव्यानं सगळं बांधताना पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा मी खुर्ची ताईंना दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. त्यांना टायपिंगची सवय नव्हती. एकेक अक्षर शोधून दाबत होत्या. कॅमेऱ्याचं चित्र बाहेर जाणं बंद केलं. ते फक्त ताईंच्या टेबलावर दिसेल असं केलं. यंत्रात साठलेलं त्या दुपारचं चित्रण पुसलं.

मग सर्व्हर. त्याला पासवर्ड नव्हताच. दोन डिजिटल चाव्या केल्या होत्या, एक ताईंची, एक नसरीनबाईंची. नसरीनबाईंना औरंगाबादला फोन लावून त्यांच्या बाजूचं एकेक पाऊल सांगत गेलो. त्या चिकाटीच्या होत्या. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा लागलं.

“काहीतरी पाठवून बघा,” मी ताईंना म्हणालो. रिकामी फाईल पाठवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी दुपारचीच फाईल उचलली. तिला नाव नव्हतं, नुसते आकडे होते. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली. माझ्या बहिणीनं चार वर्षांत जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सगळं माझ्या बोटाखालून चाललं होतं. एक तपासणी म्हणून मी ती उघडू शकलो असतो. फाईल नीट पोचली का ते बघतो, असं म्हणालो असतो तर कुणी अडवलंही नसतं. तिचं आयुष्य नासत असताना मी शेजारी बसून काय करत होतो, हे मला ऐकायचं होतं. तो माझा हक्कच आहे असंही क्षणभर वाटलं. भावाचा हक्क. मग लक्षात आलं की प्रफुल्लही असंच काहीतरी म्हणत असेल.

नसरीनबाईंचा फोन आला. पोचलं, आवाज स्वच्छ आहे, म्हणाल्या.

सर्व्हरवर एक तिसरी चावी होती. बसवणाऱ्याची, म्हणजे माझी. ती मी पुसली आणि ताईंना दाखवलं.

“हे बंद पडलं तर?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही दार उघडा, मी समोर बसून दुरुस्त करीन. पण बाहेरून मला शिरता येऊ नये. मी आणि तो एकाच टेबलावर जेवतो, ताई.”

दुकानात परतलो तेव्हा प्रफुल्ल पडद्यापुढे बसला होता. त्याच्या सगळ्या खटपटी करून झाल्या होत्या.

“मला आत घेत नाही ती फायरवॉल.”

“त्यांना त्यांच्या ताब्यात हवी होती. दिली.”

“बसवणाऱ्याला विचारल्याशिवाय ताबा देतात का कुणी? उद्या अडलं तर बोंबलत येतील.” मग आवाज खाली आणून, “तुझी तरी एखादी चावी असेल ना? दे.”

“माझीही नाही.”

तो खुर्चीत मागे रेलला. रागावला नव्हता. उलट त्याचा चेहरा कधी नव्हे तो काळजीनं भरलेला दिसत होता. त्यानं आपला पडदा माझ्याकडे वळवला, अगदी सहज, पोराच्या तापाचा तक्ता डॉक्टरला दाखवावा तसा. त्यावर तारखेवार रांगा होत्या. वृंदाचे मेसेज, मेल, फोनचे नंबर. माझ्या नावाचीही एक रांग होती. आईच्या गुडघ्यांबद्दल मी तिला लिहिलेलं तिथं होतं.

“हे बघ, आज दिवसभर तिनं फोनला हातसुद्धा लावलेला नाही. असं कधी होत नाही.”

“हे सगळं तू रोज वाचतोस?”

“वाचत नाही रे. लक्ष ठेवतो. काळ कसा आहे बघतोस ना. तू भाऊ आहेस, तुला कळेल.” तो माझ्या तोंडाकडे बघत होता. “ती तुझ्याशी काही बोलली का?”

“नाही,” मी म्हणालो. आणि ते खरंच होतं. ती माझ्याशी बोललीच नव्हती.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला धड सांगता येणार नाही. आमच्या दोघांच्या टेबलांमध्ये हातभर अंतर. तो काही टाइप करू लागला की माझे कान उभे राहायचे. घरी जेवताना घास फिरायचा. बायको विचारायची, काय होतंय, आणि मला तिलाही सांगता येत नव्हतं. वृंदा एकदा प्रफुल्लबरोबर आईकडे आली. मी समोर बसलो, आंबे कसे यंदा पाणचट आहेत यावर बोललो. ती हसली, त्याच्याकडे बघून हसली, आणि तिनं फोन सगळ्यांना दिसेल असा टेबलावर उपडा ठेवला. प्रफुल्लनं तिला आंब्याची फोड दिली. दोघं किती सुखी दिसतात, असं आई नंतर म्हणाली.

एके दिवशी शैलजाताईंचा फोन आला. मी दुकानातच होतो. फायरवॉलमधल्या नोंदी कशा वाचायच्या ते मी त्यांना शिकवलं होतं.

“कुणीतरी बाहेरून दार वाजवतंय,” त्या म्हणाल्या. “सारखं. एकाच ठिकाणाहून.” आणि त्यांनी त्या ठिकाणाचा इंटरनेटवरचा आकडा वाचून दाखवला. “कुणाचा आहे हा?”

तो आमच्या दुकानाचा होता. प्रफुल्ल माझ्याकडे पाठ करून बसला होता. त्याची बोटं चालत होती.

“आमचाच, मॅडम,” मी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोललो.

“तुम्ही?”

“नाही.”

“दार टिकेल का, भाऊ?”

“टिकेल,” मी म्हणालो. मी माझ्या हातानं बांधलं होतं, पण आमच्या दोघांत जास्त हुशार तो होता. आयुष्यात इतक्या कमी खात्रीनं मी कुणाला शब्द दिलेला नाही. ते दार त्यानं नुसतं जिद्दीनं वाजवलं की त्याला काही कळलं होतं, हे मला आजही ठाऊक नाही. दार मात्र टिकलं.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात वृंदा शाळेत गेली आणि परत आली नाही. फोन शाळेच्या कपाटात सापडला.

प्रफुल्ल आमच्या घरी आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. तो आईच्या पायाशी बसून रडला. त्याला खरंच दुःख झालं होतं, हे मला आजही मान्य आहे. पण रडता रडता त्यानं मान वर करून मला विचारलं, “ती कुठं आहे, तुला माहितेय ना?”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

“तुला शोधता येईल.”

आईनं माझं मनगट धरलं. “तू भाऊ ना तिचा? ऊठ. जा. स्टँडवर बघ, स्टेशनावर बघ.” मी गाडी काढली. भुसावळ रस्त्याला एका टपरीवर थांबून चहा घेतला. समोर ठेवलेला दुसरा कप निवेपर्यंत बसलो आणि परत येऊन सापडली नाही म्हणून सांगितलं. त्या क्षणी आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर पुढे वर्षभर तशीच राहिली. पोराला बहिणीची पर्वा नाही, असं तिनं मनाशी धरलं.

पावसाळ्यात ओसरीतली वीज गेली आणि सर्व्हर बंद पडला. ताईंनी दार उघडलं आणि मी त्यांच्यासमोर बसून तो पुन्हा चालू केला. चालू होताना पडद्यावर फाईलींच्या रांगा आल्या. त्यातली वृंदाच्या आकड्याची सर्वांत नवी फाईल कुठून आली, कुठं गेली हे बघायला मला एक बटन पुरलं असतं. ती कुठं आहे, बरी आहे का, जेवते का. ताई शेजारी होत्या. मी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि हात धुवायला बाहेर गेलो.

आईला मधूनमधून कुठल्यातरी बूथवरून वृंदाचा फोन यायचा. बरी आहे, एवढंच. गिरीशशी बोलायचं का, असं आई विचारायची तेव्हा फोन ठेवला जायचा. इकडे मी आणि प्रफुल्ल वेगळे झालो. दुकान त्यालाच दिलं. कोर्टात नसरीनबाई उभ्या राहिल्या आणि पुढच्या वर्षी वृंदा मोकळी झाली. तो पुण्याला निघून गेला.

ती परत आली तेव्हा पुन्हा उन्हाळाच होता. आई गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे वाळवणाचे पापड, घालत होती. खालून शिजवलेल्या चिकाचं पातेलं आणायला ती जिन्यावरून उतरली आणि गच्चीवर आम्ही दोघंच राहिलो. वृंदा जरा बारीक झाली होती. ओल्या फडक्यावर बिबडा थापत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

“सगळ्यांनी शोधलं मला,” ती म्हणाली. “आत्या पार जळगाव पालथं घालून आली म्हणे. तू गाडीवर गेलास आणि तासाभरात परत आलास. आईनं सांगितलं.”

“हो.”

“मी तिकडे दर रविवारी वाट बघायचे. दादा येईल असं वाटायचं. मग वाटायचं, नको यायला, आला तर मागोमाग तोही येईल. आणि तरी वाट बघायचे.” तिनं बिबडा जोरात थापला. “तू मला शोधलंच नाहीस.”



“शोधलं असतं तर सापडली असतीस, वृंदा,” मी म्हणालो.

तिचा हात थांबला. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ओसरीत सर्व्हर कुणी बसवला, त्या दुपारी प्लायवूडच्या अलीकडे कोण होतं, हे तिला शैलजाताईंनी सांगितलेलं नव्हतं. ताईंचा नियम त्या स्वतःही पाळत होत्या. मी सांगितलं, थोडक्यात, जमेल तसं. ती ऐकत राहिली. तिच्या बोटांवरचा चीक वाळत चालला होता.

“माझं बोलणं ऐकलंस?” तिनं विचारलं.

“प्लायवूडपलीकडून आलं तेवढं. बाकीचं नाही.”

“उघडता आलं असतं?”

“हो.”

जिन्यावर आईची पावलं वाजू लागली होती. वृंदानं पदराला हात पुसले आणि माझ्यापुढे तळवा धरला.

“फोन दे तुझा.”

मी दिला. तिनं त्यात स्वतःचा नंबर टाकला, त्याखाली पत्ता लिहिला, गल्लीच्या खुणेसकट, आणि फोन माझ्या हातात ठेवून म्हणाली, “पुढच्या रविवारी ये. जेवायलाच ये.”